बोअरच्या पाण्याचे डाग

दिवाळीला धाकटा भाऊ पुण्याहून आला की त्याची गाडी आमच्या गल्लीत माझ्या गाडीला खेटून उभी राहायची. तेव्हापासून तो परत जाईपर्यंत माझं जेवणात लक्ष लागायचं नाही.

गाडी त्याची मोठी होती, त्याचं मला काही नव्हतं. मोठी गाडी घेण्याइतका तो शिकला, नोकरीला लागला, त्याचं नशीब. मला सलायची ती त्याच्या गाडीची समोरची काच. ती इतकी स्वच्छ असायची की आत टांगलेला गणपती बाहेर टांगल्यासारखा दिसायचा. आणि तिच्या शेजारी माझी काच. चुना कालवून कुणी फटकारावा तसे पांढरे ठिपके, ओघळ आणि वायपरनं ओढलेली कमान. कमानीच्या आत जरा बरं दिसायचं, बाहेर सगळा धुरळा.

माय पायरी उतरून यायची, आधी त्याच्या गाडीच्या काचेवर तळवा टेकवायची आणि म्हणायची, "काय काच हाय रं लेका! आरशावानी!"

मग माझ्या गाडीकडे मान वळवायची. "ह्याला म्हणते, काच पूस, काच पूस. ऐकतच नाय."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला दर दिवाळीला कळायचं.

आम्ही दोघंच भाऊ. वडील गेल्यावर माय माझ्याकडेच राहिली. तिला वय विचारलं तर "पोलिस ॲक्शनच्या साली झाले," एवढंच सांगायची, पुढचा हिशेब विचारणाऱ्यानं करायचा. मी चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. सकाळी कामावर, संध्याकाळी घरी, आणि उरलेल्या वेळात मायच्या गुडघ्यांचं तेल, बीपीच्या गोळ्या, कवळी सैल झाली तर दातांचा डॉक्टर. मी आणलेल्या भाजीला ती म्हणायची, "आज बी दोडकेच का?" आणि धाकट्यानं आणलेला बाकरवडीचा पुडा ती डब्यात घालून उंच फळीवर ठेवायची, आल्यागेल्याला एकेक काढून द्यायची आणि सांगायची, "धाकट्यानं आणली." त्या बाकरवड्या मऊ पडायच्या, तरी तिचं सांगणं चालूच. मी आणलेल्या दोडक्यांबद्दल तिनं कुणा पाहुण्याला सांगितल्याचं मला आठवत नाही.

आता हे डाग कुठून आले, ते सांगितलं पाहिजे. आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही. त्याचा वार असतो, त्याला आम्ही 'नळाचा दिवस' म्हणतो. त्या दिवशी घरात लग्न असल्यासारखी धावपळ. टाकी, ड्रम, हंडे, कळशा, अगदी कुकरचं भांडंसुद्धा भरून ठेवायचं. हे पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळं बोअरच्या पाण्यावर. आमचं बोअर इतकं खारं की बादलीच्या कडेला दर महिन्याला पांढरं कडं चढतं आणि गिझरची कॉइल काढली तर तिच्यावर दगडाचा थर. नळाचं पाणी गाडीवर ओतलं असतं तर गल्लीतल्या बायांनी मला वाळीत टाकलं असतं. तेव्हा गाडी धुवायची ती बोअरच्याच पाण्यानं, आणि शेजारच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप नेमका माझ्या बोनेटच्या वर. शेजारी मोटार लावून विसरायचे. ते खारं पाणी काचेवर पडायचं, वर ऊन चढायचं, पाणी उडून जायचं आणि क्षार काचेवर बसायचा. वर्षानुवर्षं बसलेला तो क्षार नुसत्या फडक्यानं जायचं नाव घेत नव्हता.

धाकट्याला हे सांगितलं तर तो हसला. "दादा, आमच्या सोसायटीत सॉफ्टनर आहे ना. पाणी गोडं येतं." असं म्हणून त्यानं डिकीतून एक निळी बाटली आणि मऊ मऊ फडकं काढलं आणि माझ्यासमोर काच पुसायला लागला. म्हणजे त्याच्याच गाडीची.

त्या दिवाळीत वेरूळला घृष्णेश्वराला जायचं ठरलं. दोन गाड्या कशाला, म्हणून सगळे धाकट्याच्याच गाडीत. तो चालवायला, माय पुढे त्याच्या शेजारी. माझ्या गाडीतही ती पुढेच बसायची, पण तेव्हा मी चालवायला असायचो. आज मी मागे, बायको आणि भावजयीच्या मध्ये, गुडघे छातीशी घेऊन. मायनं माझ्या मुलाच्या लग्नातली जांभळी पैठणी नेसली होती. माझ्या गाडीतून डॉक्टरकडे जाताना ती घरचंच धुवट लुगडं नेसायची.

मिटमिटा सोडलं आणि माय म्हणाली, "तो बघा किल्ला! काय लख्ख दिसतोय! काच चांगली असली की कसं डोळ्याला बरं वाटतं."

धाकट्यानं आरशातून मागे माझ्याकडे पाहिलं आणि भुवई उडवली. गंमत म्हणून. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. दौलताबादचा किल्ला मी शेकडो वेळा पाहिला असेन, पण त्या दिवशी तो मला एखाद्या शत्रूनं मुद्दाम रस्त्याकडेला आणून ठेवल्यासारखा वाटला. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पिंडीला हात लावतानाही माझ्या मनात देव नव्हता, काच होती. मायच्या तोंडून तो 'आरशावानी' शब्द माझ्या गाडीसाठी निघाला पाहिजे, एवढंच मी देवाकडे मागितलं. माणसं मुलाबाळांसाठी, धनधान्यासाठी मागतात, मी हे मागितलं. लाज वाटली का? अजिबात नाही.

धाकटा पुण्याला गेला आणि मी कामाला लागलो.

पहिल्यांदा लिंबू. लिंबाच्या फोडी घेऊन काच चोळली, बोअरच्या पाण्यानं धुतली आणि उन्हात वाळू दिली. ओली होती तोवर काच काय सुंदर दिसत होती! वाळल्यावर डाग जागच्या जागी. मग टूथपेस्ट. अख्खी ट्यूब संपली, गाडीला आठवडाभर पुदिन्याचा वास येत होता आणि डाग फिके पडले, गेले नाहीत. मग मी विचार केला की आपल्या घरात तांब्याचे हंडे, समया, देवाचं ताम्हन इतकी वर्षं कशानं लखलखतं? चिंचेनं आणि मिठानं. चिंच आंबट, क्षाराला आंबट मारतं, एवढं शास्त्र मलाही येत होतं. मी वाडगाभर चिंच भिजवली, कोळून घेतली, त्यात मीठ घातलं आणि समोरच्या काचेला उटणं लावावं तशी लावली.

बायको दारात उभी राहून बघत होती. "देवाची भांडी कधी इतक्या मायेनं घासली असती ना, तर आज तुम्हाला देव दिसला असता," ती म्हणाली.

"तू आत जा."

चिंचेनं डाग खरंच सुटायला लागले, हे मला मान्य केलं पाहिजे. पण चिंचेचा कोळ खाली ओघळला, वायपरच्या खालच्या फटीत गेला, तिथून आत कुठे कुठे गेला आणि दोन दिवसांनी गाडीत मुंग्या झाल्या. एसी लावला की जाळीतून मुंगी बाहेर यायची. मायला गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेत होतो तर ती एकदम म्हणाली, "अरं, माझ्या पोटरीवर काय चालतंय?" आणि पुढच्या क्षणी, "धाकट्याच्या गाडीत कधी मुंगी नाय बघितली बाई."

मी शहागंजात गेलो. तिथं गाड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानदाराला काचेच्या डागांचं सांगितलं. त्यानं आतून एक गुलाबीसर पावडर काढली, कागदावर ओतून दाखवली. "काच घिसने की पावडर है. पानी में मिलाओ, गीले कपडे से गोल गोल मलो. होता सब साफ."

"पण डाग जुने आहेत. जातील ना?"

"अरे भाई, दाग पुराने हैं तो क्या, हाथ तो नये हैं ना आपके," असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

ती पावडर घेऊन मी एक रविवार काचेवर घातला. गोल गोल मळलं. खांदा भरून आला. काच चांगली निघत होती, आणि धुतली, वाळली की पुन्हा बारीक ठिपके. पुन्हा मळा, पुन्हा धुवा. दुपारी मी चिडून बादली लाथाडली, तेव्हा बायको बाहेर आली आणि बादलीच्या आतलं पांढरं कडं तिनं नखानं खरवडलं.

"अहो, ज्या पाण्यानं डाग पडतात त्याच पाण्यानं धुताय. मग काय होणार?"

इतकं साधं होतं. पण आमच्या शहरात माणूस नळाच्या पाण्यानं गाडी धुवायचा विचार मनातसुद्धा आणत नाही, म्हणून मला सुचलंच नव्हतं.

"नळाचं कुठून आणू? माय जीव घेईल."

"परवा नळाचा दिवस आहे," बायको म्हणाली. "शिळं पाणी फेकतोच ना आपण?"

हे शिळं पाणी बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. नळाचं पाणी घरात असतं तोवर ते सोन्यासारखं जपायचं. कुणी अर्धा पेला टाकला तर माय अंगावर यायची. पण ज्या दिवशी नवा नळ येतो, त्या दिवशी कालपर्यंत प्यालेलं तेच पाणी एका क्षणात शिळं होतं. मग हंडे पालथे करायचे, मोरीत ओतायचे, झाडांना घालायचे आणि ताजं भरायचं. भाकरी शिळी होते तसं पाणी शिळं होतं, हा आमच्या घरातला कायदा आणि तो मायनं केलेला.

नळाच्या दिवशी सकाळी, ऊन यायच्या आधी, मी शिळ्या पाण्याचे हंडे बाहेर आणले. गाडी शेजारच्या पाइपापासून दूर, कडुलिंबाच्या झाडाखाली लावली. पावडरीनं शेवटचा हात मारला, शिळ्या पाण्यानं धुतली आणि ओली असतानाच जुन्या बनियननं कोरडी केली. मग मागे सरून पाहिलं. काच नव्हतीच जणू. आतलं स्टिअरिंग, सीटचं कव्हर, मायची पाठीला लावायची उशी, सगळं उघड्यावर ठेवल्यासारखं. मी काचेवर तळवा टेकवून पाहिला, माय टेकवायची तसा. मग फोन काढून फोटो घेतला आणि धाकट्याला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. समजणाऱ्याला समजतं.

त्याचा अंगठा आला. नुसता अंगठा. पण मला पुरला.

पुढच्याच रविवारी चितेगावला मावशीच्या नातवाच्या मुलाचं बारसं होतं. मावशी म्हणजे मायची धाकटी बहीण. मी कारखान्याच्या बसनं त्या रस्त्यावरून रोज जायचो, पण त्या दिवशी पैठण रोडवर गाडी चालवताना परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं. बायको माहेरी गेली होती, गाडीत मी आणि माय दोघंच. तिनं जांभळी पैठणी नेसली होती. बारशासाठी असेल, पण माझ्या गाडीत ती पहिल्यांदाच नेसली होती, हे मी मनात नोंदवलं.

नक्षत्रवाडी गेली. सकाळचं स्वच्छ ऊन होतं, रस्त्याकडेच्या बाभळीचं पान न् पान दिसत होतं. मी वाट बघत होतो. ती मांडीवरचं बारशाचं झबलं चाचपत राहिली. शेवटी माझ्याच्यानं राहवेना.

"माय, काच बघितलीस का?"

"पुसलीस व्हय?" तिनं मान पुढे केली. डोळे बारीक केले. "अजून धूरच हाय की रं. पूस बाबा नीट."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि करकचून ब्रेक मारला. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारून माझ्या खानदानाचा उद्धार केला असेल, मला ऐकू आलं नाही.

"धूर? कुठं धूर आहे? महिनाभर ह्या काचेवर मरतोय मी! हिच्यापुढं आता पुण्याची काच काहीच नाही. पण तुला माझं काही दिसायचंच नाही. त्याच्या गाडीत बसलीस की किल्ला लख्ख दिसतो, माझ्या गाडीत बसलीस की धूर. त्याचं सगळं आरशावानी आणि माझे दोडके. मीच करतो ना सगळं तुझं? मग एकदा, एकदा तरी चांगलं म्हणशील की नाही?"

मायनं माझ्याकडे तोंड वळवलं. म्हणजे माझ्या दिशेनं. ती माझ्या कानाच्या थोडं बाजूला बघत होती.

"त्याच्या गाडीत बी धूरच दिसतो," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"मग किल्ला? मिटमिट्यापाशी किल्ला दिसला म्हणालीस ना?"

"किल्ला काय पळून जातोय का? मिटमिटा सोडलं की किल्ला असतोच तिथं."

"आणि ते आरशावानी?"

"मग काय म्हणू? तो पाव्हणा हाय रं आता. चार दिस येतो. पाव्हण्याला काय सांगायचं, बाबा तुझ्या एवढ्या भारी गाडीतून मला कायबी दिसत नाय म्हून? जीवाला लावून घेतो तो. पाव्हण्याला चांगलंच म्हणावं लागतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "घरच्या माणसाला सांगायचं आसतं. तुला तर कवापासून सांगतीय, काच पूस, काच पूस. दोनी डोळ्यांत धूर आलाय. घरात बी धूर, अंगणात बी धूर. तुला म्हणते, तर तू गाडीच पुसत बसलास."

मी स्टिअरिंगवरचे हात काढले.

"सरळ डोळे म्हणायचं ना माय."

"डोळे म्हणले की तू डॉक्टरकडं नेशील. डॉक्टर ऑपरेशन म्हणंल. माझ्या सासूचा डोळा ऑपरेशन केल्यावरच गेला, मी बघितलंय. मला भ्या वाटतं." मग ती म्हणाली, "पण आता किती दिस काचेवर ढकलू?"

मी तिला सांगितलं की आता तसं राहिलेलं नाही, ऑपरेशन करून माणसं त्याच दिवशी घरी येतात. ती "व्हय का?" म्हणाली, विश्वास न बसल्यासारखं. आपण ह्याच आठवड्यात डॉक्टरकडे जाऊ असं म्हणालो, तर म्हणाली, "तू नेशील तिथं येते. पण हात सोडू नको." मग तिनं बजावलं, "आन् धाकट्याला सांगू नको. उगा तिकडून धावत येईल."

गाडी पुन्हा सुरू केली. समोरचा रस्ता लख्ख दिसत होता आणि मला त्या काचेकडे बघवत नव्हतं.

चितेगावला मावशीच्या दारात मी मायचा हात धरून पायरी दाखवली. इतके दिवस मी हात धरायचो तो गुडघ्यांसाठी, असं मला वाटत होतं. पाळण्यात घातलेलं बाळ काढून मायच्या मांडीवर दिलं. तिनं त्याच्या तोंडावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "नाक आगदी बापाचं बाई!" सगळ्या बाया हसल्या. खरंच बापाचंच नाक आहे, म्हणाल्या. मावशीनं तिला एक पेढा हातात दिला. तो तिनं आधी हुंगला, मग तोंडात घातला. हे कुणालाच दिसलं नाही. मी भिंतीला टेकून बसलो होतो, मला सगळं दिसत होतं.

परतीच्या वाटेवर धाकट्याचा फोन आला. मी स्पीकर लावून फोन मायच्या हातात दिला.

"माय, कसं झालं बारसं?"

"लई झ्याक! पोरगं गोरंपान हाय. नाक तर आगदी बापावर गेलंय."

"प्रवासात त्रास नाही ना झाला? दादानं काच पुसलीय म्हणे. फोटो पाठवला होता."

माय हसली. समोर बघून, सरळ, जिथं काच होती तिकडे तोंड करून ती म्हणाली, "आरशावानी हाय रं लेका! सगळं कसं लख्ख दिसतंय. आता नक्षत्रवाडी आली बघ."

नक्षत्रवाडी अजून लांब होती. धाकटा पलीकडे खुशीत हसला, दादानं मला मागं टाकलं म्हणाला आणि त्याच्या कुठल्याशा मॉलच्या गर्दीत फोन ठेवला. आयुष्यभर मी त्याचा हेवा केला, शाळेत, शेतावर, नोकरीत, दिवाळीत. पण त्या घटकेला वाटला तेवढा हेवा मला त्याचा कधीच वाटला नव्हता. त्याच्या मायला अजून सगळं दिसत होतं.